मोगली उसाच्या फडात

जुन्नर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी गोष्टींचा वर्ग भरतो. तो घेणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा भाचा पशुवैद्य. विहिरीत पडलेला बिबट्या, उसात सापडलेले बछडे, तारेत अडकलेलं तरस, असल्या कामांना जाणारा. यंदाच्या वर्गाला बाईंनी विषय काढला, ‘रानातला दोस्त’. पुस्तकांची यादी भाच्याच्या हातात पडली आणि दोघांची जुंपली. भांडण आत्या-भाच्याचं असलं तरी प्रश्न सगळ्यांचाच आहे. रानातल्या जनावराशी दोस्ती झाली की घाबरट पोर धीट होतं, असं आपण मुलांना सांगत आलो. ते कितपत खरं? आणि जिथे बिबट्या खरोखर दाराशी येतो, तिथल्या मुलांना ते सांगावं का?

भाचा: आत्या, ही यादी तू खरंच पोरांपुढे ठेवणार? मोगली, ‘पाडस’, ‘नेगल’. दिवेलागणीनंतर इथे कुणी लेकराला अंगणात सोडत नाही, आणि तू त्यांना सांगणार की बघिरा मोगलीला कुशीत घेऊन झोपतो!

आत्या: सोडत नाहीत, म्हणूनच सांगणार. हल्ली बिबट्याचं नाव काढलं की माझी पोरं एक तर गप्प होतात, नाहीतर मोबाइलवर तोच व्हिडिओ दहादा बघतात. भीती वाटते हे सगळ्यांना कळतं, पण त्या भीतीचं करायचं काय, ते कुणी सांगत नाही. मोठी माणसं ‘बाहेर जाऊ नको’ म्हणतात आणि मोकळी होतात.

भाचा: ‘जाऊ नको’ हे वाईट आहे का? मी ज्या घरांत पंचनाम्याच्या वेळी गेलोय, त्यांना विचार. संध्याकाळी परसात बसलेलं मूल बिबट्याच्या नजरेला कुत्र्याएवढंच दिसतं. भीती ही त्या वयाची राखण आहे. ती काढून घेऊन तू काय देणार?

आत्या: भीती काढायचं म्हणतंय कोण? भीतीनं पोर खुळं होऊ नये, एवढंच म्हणते. बरं, मोगलीपासूनच सुरू करू. पुस्तक वाचलंस, की नुसती रविवार सकाळची दूरदर्शनवरची मालिका?

भाचा: मालिका. गाणं अजून पाठ आहे.

आत्या: मग पुस्तकातलं ऐक. किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मला. ‘जंगल बुक’ आलं 1894 साली. लिहिलं अमेरिकेत बसून, पण रान सिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाचं. त्यात बघिराच्या हनुवटीखाली केस गेलेला एक डाग आहे. गळपट्ट्याचा. उदेपूरच्या राजवाड्यातल्या पिंजऱ्यात तो जन्मला, तिथेच त्याची आई मेली, आणि एक दिवस कुलूप तोडून तो पळाला. रानात ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही. मोगलीला तो डाग हात लावून बघायला सांगतो.

भाचा: म्हणजे माझंच म्हणणं झालं. माणसाच्या हाताखाली वाढलेला, म्हणून तो मोगलीजवळ गेला. रानातला बिबट्या जवळ येत नाही. आला, तर समजायचं काहीतरी बिनसलंय.

आत्या: आणि हेमलकसा? ते तर गोष्टीतलं नाही. 1973 च्या डिसेंबरात प्रकाश आमटे तिथे गेले. शिकारीहून परतणारी माडिया माणसं काठीला माकडीण टांगून चालली होती आणि तिचं जिवंत पिल्लू त्या मेलेल्या आईला चिकटून दूध शोधत होतं. प्रकाशभाऊंनी ते मागून घेतलं. तिथून ते प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. विलास मनोहरांनी तिथल्या बिबट्यावर ‘नेगल’ लिहिलं. तिथली मुलं त्या जनावरांच्या सोबतीनं वाढली.

भाचा: मला त्याबद्दल आदरच आहे. पण तिथला हिशोब नीट बघ. ती माणसं पोटासाठी शिकार करत होती. पिल्लांच्या बदल्यात आमटे त्यांना धान्य, कपडे द्यायचे. त्या पिल्लांपुढे दुसरा रस्ता होता तो चुलीचा. इथे तसं नाही. इथे उसात पिल्लू सापडतं तेव्हा त्याची आई दोन-तीन सऱ्या पलीकडे दडून बसलेली असते. तिच्या तोंडचं पिल्लू उचलून आपण त्याला दोस्त म्हणायचं? हातावर वाढवलेला बिबट्या पुन्हा रानात सोडता येत नाही. माणसाची त्याला भीती राहत नाही, शिकार कुणी शिकवलेली नसते. मग जन्मभर पिंजरा. आणि कायद्याचं बोलायचं तर 1972 पासून वन्यजीव घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

आत्या: बरं, ‘पाडस’वर तरी तुझा राग नसावा.

भाचा: ते मी वाचलंय, आणि ते तुझ्या विरोधात साक्ष देतं. फ्लॉरिडातलं आडरान. ज्योडी नावाच्या मुलाच्या बापाला साप चावतो. विष ओढून घ्यायला तो एक हरिणी मारतो आणि तिचं यकृत जखमेवर बांधतो. तिचं पाडस मागे उरतं. ज्योडी त्याला घरी आणतो, आपल्या वाटणीचं दूध पाजतो. वर्षभरात ते वाढतं आणि मक्याचे कोंब खाऊन टाकतं. पुन्हा पेरतात, कुंपण उंच करतात, ते कुंपणावरून उडी घेतं. मका गेला की घर उपाशी. शेवटी आई गोळी झाडते, नेम नीट लागत नाही, आणि जखमी पाडसाला ज्योडीलाच संपवावं लागतं. रानातल्या दोस्तीचं हे फळ. मुलाला धडा, जनावराला गोळी.

आत्या: राम पटवर्धनांच्या मराठीत ते इतकं मुरलंय की माझी पोरं फ्लॉरिडा विसरतात आणि मका आपल्याच शिवारातला समजतात. पण तू शेवट सांगितलास, मधलं गाळलंस. बाप अजून अंथरुणावर असतो. अशात ज्योडी पाडसाला शोधायला निघतो. थोडी वाट शेजारी सोबत करतो आणि मग परत फिरतो. पुढे तो एकटा. ज्या रानात काल बापाला साप चावला त्याच रानात. का जातो? तर ते पाडस भुकेलं असेल म्हणून. पोरांना मी तिथे थांबवते आणि विचारते, ज्योडीची भीती गेली का? एक तरी पोर म्हणतंच, ‘नाही बाई, पण त्याला घाई होती.’ याहून चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

भाचा: आणि शेवट?

आत्या: शेवटी तो घरातून पळून जातो, भुकेनं बेजार होतो, परत येतो, आणि बापाच्या कामाला खांदा देतो. पहिला धीर पाडसाला आणण्याचा. दुसरा, ते गेल्यावरही जगण्याचा. दुसरा अवघड. तो शिकवायला मला दुसरं पुस्तक दाखव.

भाचा: पण त्याची किंमत कुणी दिली, ते तू बोलतच नाहीस. इंग्लंडातल्या एका पोराचा सिनेमा मी पाहिलाय, ‘केस’. 1969 चा, केन लोचचा. खाणीच्या गावातला बिली. घरात मोठा भाऊ मारतो, शाळेत मास्तर मारतात. तो केस्ट्रेलचं पिल्लू आणतो. ससाण्याच्या जातीचा लहानसा शिकारी पक्षी. पुस्तक वाचून त्याला हातावर यायला शिकवतो. आणि शेवटी भाऊ त्या पक्ष्याची मान मोडतो, का, तर बिलीनं त्याचे घोड्यावर लावायचे पैसे लावले नाहीत म्हणून. पक्षी कचऱ्याच्या डब्यात. प्रत्येक गोष्टीत मेलं कोण?

आत्या: जनावर. मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि पोरांपासून मी ते लपवणारही नाही. पण त्याच सिनेमातला वर्गातला प्रसंग आठव. मास्तर म्हणतात, तुझ्याबद्दल काहीतरी सांग. बिली आधी तोंडच उघडत नाही. मग पक्ष्याबद्दल विचारतात तेव्हा उठतो. पायातले चामडी पट्टे कसे बांधायचे, दोरी कशी धरायची, मांसाचा तुकडा दाखवून एकेक पाऊल मागे कसं सरायचं, आणि पहिल्यांदा दोरी सोडली तेव्हा पोटात कसा गोळा आला. ज्या पोराला वर्ग हसत होता, त्याचं बोलणं सगळे कान देऊन ऐकतात. मास्तरांना माहीत नाही असं काहीतरी त्याला माहीत आहे. आणि पुढे तो मास्तरांना काय सांगतो? की हा पक्षी पाळीव नाही, त्याला कुणाची पर्वा नाही, माझीसुद्धा नाही. तरी मला तो बघायला मिळतो, हेच त्याचे उपकार. पंधरा वर्षांचं पोर हे बोलतं.

भाचा: हे मात्र मला मान्य आहे. त्यानं पक्ष्याला लाडावलं नाही. वाचलं, निरखलं. पण मग धीर आला तो माहितीमुळे, मैत्रीमुळे नाही.

आत्या: जीव लागल्याशिवाय कोण एवढं निरखतं रे? आम्हाला डी.एड.ला मानसशास्त्र होतं. त्यात पीटर नावाच्या मुलाची हकीगत होती. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी लिहिलेली. पोर जेमतेम तीन वर्षांचं. सशाला घाबरायचं. नुसत्या सशाला नव्हे, पांढऱ्या उंदराला, लोकरीला, कापसालासुद्धा. बाईंनी त्याला खाऊ खायला बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला. बारा फुटांवरचा ससा त्याला सोसायला लागला. मग चार फुटांवरचा, मग तीन. न घाबरणारी मुलं सोबत खेळायला ठेवली. मध्ये पीटर आजारी पडला, एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यानं सशाला स्वतःची बोटं कुरतडू दिली.

भाचा: ससा होता, आत्या. बिबट्याच्या बाबतीत ते शेवटचे चार फूट नाहीतच.

आत्या: नसू देत. म्हणून अलीकडचे आठही नाहीत का?

भाचा: आठ नाही, इथे शंभर म्हण. पण... थांब. मी तुला गेल्या हंगामातलं सांगतो. बीडकडची टोळी तोडीला आली होती. फडात कोयता चालू असताना पाचटाखाली दोन बछडे निघाले. डोळे नुकते उघडलेले, अजून निळसर. आरडाओरडा झाला, टोळी बांधावर पळाली, कुणीतरी पिल्लं उचलून रस्त्यावर आणली. मी पोचलो तेव्हा ती एका पोत्यात होती आणि भोवती ही गर्दी. तपासली. गोचीड होते, बाकी ठीक. आता ती नेमकी जिथे सापडली तिथेच ठेवायला हवीत. मादी रात्री तिथेच येते. पण जागा कोणती? तोडलेल्या उसात एक सरी दुसरीसारखीच. मुकादम एक जागा दाखवतो, त्याची बायको दुसरी.

आत्या: मग?

भाचा: तोडकऱ्यांच्या कोपीतला एक मुलगा होता, आठेक वर्षांचा. आई-बाप तोडीला, तो धाकट्या बहिणीला सांभाळत बांधावर बसायचा. तो हळूच म्हणाला, मला माहीत आहे. मी म्हटलं, दाखव. घाबरला होता. शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं, ते त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही. पण चालू लागला. मागे मी, वनरक्षक, मुकादम, त्याचा बाप. त्यानं एके ठिकाणी पाचट बाजूला केलं. खाली माती दबून गुळगुळीत झाली होती, थोडे केस होते. हीच जागा. आम्ही क्रेटमध्ये पिल्लं ठेवली, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना लांब नेलं. पोरगा मला विचारतो, ‘ह्यांना थंडी वाजली तर?’ त्याला वाटत होतं की ती कोपीत न्यावीत. मी म्हटलं, त्यांची आई येईल. तो म्हणाला, ‘आपण इथं असलो तरी?’ मी म्हटलं, आपण असलो तर नाही येणार. त्यावर त्यानंच बापाला हाताला धरून ओढलं, चला म्हणून.

आत्या: आली?

भाचा: मध्यरात्रीनंतर. एकाला तोंडात धरून गेली, मग दुसऱ्याला. सकाळी मी त्याला कॅमेऱ्यातलं दाखवलं. तो परत परत तेच विचारत होता, दुसऱ्याला न्यायला ती नक्की आली ना.

आत्या: आणि हे तू माझ्याशी तासभर भांडून झाल्यावर सांगतोस! मी दुसरं काय म्हणत होते? परक्या गावात आलेलं पोर, कुणी नाव घेऊन हाक मारत नसेल. त्या दिवशी मोठी माणसं त्याच्या मागून चालली. का? तर पिल्लांची जागा त्यानं नीट पाहून ठेवली होती म्हणून. आणि न्यावीशी वाटत असताना तो मागे फिरला. ज्योडीला जे गोळी झाडून शिकावं लागलं, ते हा पोरगा कुणाचा जीव न जाता शिकला.

भाचा: पण एक चांगला दिवस दाखवून वाईट दिवस झाकू नकोस. तो मुलगा बिनदाराच्या कोपीत झोपतो. रात्री उघड्यावर जातो. त्याला धीर शिकवण्याआधी त्याच्या कोपीजवळ दिवा लावणं हे आपलं काम आहे. शेतीची वीज रात्री येते, म्हणून माणसं रात्री पाणी धरायला जातात. गावकडेला कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांवर बिबट्या. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्याच्या शेतशिवारात अभ्यास केला. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 मोठे बिबटे निघाले, आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. त्यांच्याच जुन्नरच्या अभ्यासात दिसलं की धरलेले बिबटे दूर नेऊन सोडले, तर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. या सगळ्याचं उत्तर मोठ्यांनी द्यायचं आहे. ते न देता मुलांना ‘शूर हो’ म्हणणं ही लबाडी आहे.

आत्या: लबाडीच आहे, मीही तेच म्हणेन. पण उलटंही बघ. घाबरून घरात कोंडलेलं पोर दिवा मागत नाही, ते बिबट्याला मारा म्हणतं. ज्याला कळलंय की मादी कुत्र्यांच्या मागे येते, तेच पोर बालसभेत उठून कचऱ्याचं बोलेल. अकोल्याकडे महादेव कोळ्यांची वाघबारस पाहिलीस ना? दिवाळीच्या तोंडावर वाघोबाला नैवेद्य दाखवतात. गुराख्यांच्या पोरांतलंच एखादं वाघ होतं आणि बाकीची त्याला दरडावून शिवाराबाहेर पिटाळतात. हात जोडायचे आणि हद्दही सांगायची. जे पोर एकदा स्वतः वाघ होऊन पळालंय, त्याला वाघाची बाजूही थोडी कळत असेल.

भाचा: वाघबारशीला माझी हरकत नाही. तिथे वाघाला कुणी गोंजारत नाही. माझ्या अटी सांगू? बघिराचा गळपट्टा गाळायचा नाही. ‘पाडस’ अर्ध्यावर सोडायचं नाही, मका आणि गोळी दोन्ही आली पाहिजेत. ‘नेगल’ वाचताना हे आजच्या उसात करायचं नाही, आणि का नाही, तेही सांगायचं. पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवायची, लांब व्हायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. फोटो काढत बसायचं नाही.

आत्या: कबूल. माझीही एक अट. तू वर्गाला यायचंस, आणि आल्या आल्या ‘हे करू नका, ते करू नका’ अशी यादी वाचायची नाहीस. आधी त्या मुलाची गोष्ट सांगायचीस. शर्टाच्या टोकासकट.

भाचा: सांगेन. पण एक गोष्ट मला अजून खटकते. तू याला दोस्ती म्हणतेस. त्या मादीला तो मुलगा माहीतसुद्धा नाही. पिल्लांना त्याचा वास आठवत नसेल. उद्या समोर आला तर ती त्याच्यावर गुरगुरेल. सगळं एका बाजूनंच आहे.

आत्या: असू दे की. शेपूट हलवणाऱ्या कुत्र्यावर कुणीही जीव लावतं, त्याला कसला आलाय धीर? आपल्याला जे कधी ओळखणार नाही, त्याचं भलं व्हावं म्हणून भीत भीत पुढे जायचं आणि काम झालं की मुकाट्यानं मागे फिरायचं, हे मोठ्यांनाही जमत नाही.

भाचा: मग पहिल्याच दिवशी हे पोरांना सांग, की ती आपल्याला ओळखत नाही आणि ओळखणारही नाही. पोरं नाराज होतील.

आत्या: होऊ देत, मी सांगेन. तू मात्र येत्या ग्रामसभेत त्या कोपीजवळच्या दिव्याचं आणि कचऱ्याचं बोलायचंस. सरपंचांसमोर उभं राहून, माझ्यासमोर बोललास तसंच. पोरांकडून धीर मागतोय, तर आपलाही कुठेतरी दिसू दे.